कॅसेट नको, एलपीच घ्या

सर्फिंगच्या टी-शर्टच्या विक्रीचे पैसे समुद्रकिनारा सफाईला जाणार आहेत आणि शर्टाचं पाकीट जुन्या कॅसेटसारखं करायचं, असं तुम्ही म्हणताय. कल्पना गोड आहे, पण कॅसेटच्या डबीत शर्ट मावणार कसा? डबी जेमतेम ११ बाय ७ सेंटिमीटरची.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात छपाईची लहानसहान कामं करतो. माझं मत एलपीला, म्हणजे जुन्या ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीला. बारा इंची तबकडीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर चौरस, घडी केलेला शर्ट त्यात आरामात बसतो. फक्त कड जाड ठेवा, दीड-दोन सेंटिमीटरची. मागे एका मित्राच्या कामात कड ठेवायची राहिली आणि सगळी पाकिटं पुरीसारखी फुगली!

मधोमध दहा सेंटिमीटरचं गोल भोक पाडा, तबकडीच्या लेबलाएवढं. घडी अशी घाला की शर्टावरचं चित्र नेमकं त्यातून दिसेल. भोवती काळे वर्तुळाकार चर छापले की झाली तबकडी. मागच्या बाजूला गाण्यांच्या यादीऐवजी साइझ, कापड, धुण्याच्या सूचना 'साइड ए, साइड बी' करून.

सर्फ संगीत १९६०च्या सुरुवातीचं, कॅलिफोर्नियातलं, डिक डेल या गिटारवादकाच्या गिटारचं. त्या काळाचा रंग हवा तर दोनच शाया वापरा, नारिंगी आणि निळी, क्राफ्ट बोर्डवर, म्हणजे साध्या तपकिरी पुठ्ठ्यावर, स्क्रीनप्रिंट. खर्चही आटोक्यात राहतो.

आणि वरून प्लॅस्टिकचं आवरण तेवढं घालू नका, समुद्रासाठीचं काम आहे हो!