ऑनकॉलला रात्रभर अलर्ट वाजतात, कमी करायला सुरुवात कुठून करावी?

अर्धवटझोप:
सहा जणांची बॅकएंड टीम, वीसेक सर्व्हिसेस, सगळं कुबरनेटिसवर (सर्व्हिसेस चालवणारी आणि पडल्या तर परत उभ्या करणारी प्रणाली). मॉनिटरिंगला प्रोमेथियस (आकडे गोळा करून नियम तपासतो) आणि अलर्टमॅनेजर (अलर्ट कुठे पाठवायचे ते ठरवतो), त्यापुढे फोन वाजवणारी एक विकतची पेजिंग सेवा. दर आठवड्याला एक जण ऑनकॉल, म्हणजे बिघाड झाला की उठायचं त्याने. एका रात्रीत दहा-बारा पेज सहज येतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त लॅपटॉप उघडेपर्यंत आपोआप मिटलेले असतात. नेहमीचे मानकरी: सीपीयू ९० टक्क्यांवर, डिस्क ८० टक्के भरली, पॉड (कुबरनेटिसवर चालणारी सर्व्हिसची एक प्रत) रीस्टार्ट झाला, रात्रीचा बॅच जॉब पडला, एरर रेट वाढला.

मर्यादा बदलून झाल्या. सीपीयू ९० चा ९५ केला, 'फॉर' (अट किती वेळ सलग खरी राहिली की अलर्ट वाजावा ते) एका मिनिटाचं पाच मिनिटं केलं. फरक नगण्य. काही अलर्ट काढून टाकू म्हटलं की "आणि उद्या खरंच काही झालं तर?" असा प्रश्न येतो आणि विषय तिथेच बारगळतो.

पेज कशाला ठेवावं याची कसोटी, अलर्टमॅनेजरमधले बदल, सहा जणांत पाळी कशी लावावी आणि मॅनेजरला कसं पटवावं, एवढं हवंय. "स्वतःची काळजी घ्या" छापाचे सल्ले कृपया नकोत.

लालदिवा:
मर्यादा वरखाली करून सुटणारा हा प्रश्न नाही. तुमचे पहिले तीन अलर्ट मुळात चुकीच्या गोष्टीवर लावलेत. सीपीयू ९५ टक्क्यांवर आहे आणि लोकांना उत्तरं वेळेत मिळतायत, तर घेतलेलं मशीन पुरेपूर वापरलं जातंय, बस. पॉड मेला आणि कुबरनेटिसने दुसरा उभा केला, तर कुबरनेटिस त्याचं काम करतंय. त्यासाठी माणूस कशाला उठवायचा?

कसोटी एकच. पेज वाजल्यावर माणसाने आत्ताच, डोकं लावून, काही करायचं आहे का? हो असेल तर पेज. सकाळी केलं तरी चालत असेल तर तिकीट, म्हणजे कामाच्या यादीत नोंद. काहीच करायचं नसेल तर नियम काढून टाका. आणि दर वेळी ठरलेलंच काम करायचं असेल (अमुक सर्व्हिस रीस्टार्ट करा), तर ते स्क्रिप्ट करेल, माणूस नको. यात 'अलर्टचं चॅट चॅनल' हा जास्तीचा कप्पा चुकूनही उघडू नका. तिथे शेकड्यांनी मेसेज पडतात, दुसऱ्या आठवड्यात सगळे ते म्यूट करतात आणि पुढे कोणीतरी "पण अलर्ट तर आला होता" असं म्हणायला मोकळं राहतं.

एरर रेटसाठी सरळ टक्केवारी न लावता बिघाडाचं बजेट (उद्दिष्ट न मोडता चालणारा बिघाड) किती वेगाने जळतंय ते, म्हणजे बर्न रेट, मोजा. गूगलच्या एसआरई (सेवा चालू ठेवणारे इंजिनिअर) मंडळींनी मांडलेली ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. सेवा नीट चालण्याचं उद्दिष्ट ९९.९ टक्के असेल तर ३० दिवसांत बिघाडाचं बजेट ४३.२ मिनिटं. वेग १ म्हणजे ते महिनाअखेरीला बरोबर संपेल. मग नियम असे (खिडकी म्हणजे मागचा किती काळ मोजायचा ते):

वेग १४.४, खिडकी १ तास: तासाभरात बजेटचा २ टक्के भाग गेला. पेज.
वेग ६, खिडकी ६ तास: ५ टक्के गेला. पेज.
वेग १, खिडकी ३ दिवस: १० टक्के गेला. तिकीट.

९९.९ च्या उद्दिष्टाला १४.४ वेग म्हणजे १.४४ टक्के रिक्वेस्ट फसणं. प्रत्येक लांब खिडकीला तिच्या बाराव्या भागाएवढी छोटी खिडकी 'आणि'ने जोडा: तासाला पाच मिनिटं, सहा तासांना अर्धा तास. छोटी खिडकी नसेल तर बिघाड दुरुस्त झाल्यावरही लांब खिडकीचा आकडा खाली यायला वेळ लागतो आणि तोवर अलर्ट वाजत राहतो.

हे बसलं की 'फॉर' जवळजवळ लागत नाही. 'फॉर'ची अडचण अशी की मधल्या एका मोजणीला अट खोटी ठरली तरी घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. दर तीन मिनिटांनी आपटणारी सर्व्हिस 'फॉर' पाच मिनिटं ठेवलं तर कधीच पकडली जाणार नाही. उलट त्रास असेल, म्हणजे अलर्ट मिटतो आणि लगेच परत वाजतो, तर प्रोमेथियस २.४२ पासून 'कीप_फायरिंग_फॉर' (अट मिटल्यावरही अलर्ट काही वेळ चालू ठेवणारी सेटिंग) आलंय. ते वापरा.

जाता जाता: उद्दिष्ट ९९.९९ लिहून ठेवलं असेल तर महिन्याचं बजेट ४.३२ मिनिटं होतं. फोन वाजून, उठून, व्हीपीएन जोडेपर्यंत तेवढं संपतं. माणसाच्या भरवशावर ते गाठता येत नाही, रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परत जाणं) आणि फेलओव्हर (पर्यायी यंत्रणेवर वळणं) आपोआप व्हावे लागतात. कागदावर जास्तीचा ९ लिहिण्याआधी याचा विचार व्हावा.

दोरीसूत:
वरच्याशी बहुतांश सहमत, पण "लक्षणांवरच पेज" हे फार ताणू नका. काही कारणं अशी असतात की लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. डिस्क भरली की डेटाबेस लिहिणं थांबवतो आणि मग जागा मोकळी करायलाही जागा उरत नाही. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची मुदत संपली की सगळे क्लायंट एकाच क्षणी तुटतात.

डिस्क: ८० टक्के हा आकडा बिनकामाचा. २ टीबीच्या डिस्कवर ८० टक्के म्हणजे अजून ४०० जीबी मोकळे. 'प्रेडिक्ट_लिनिअर' या प्रोमेथियसच्या फंक्शनने मागच्या ६ तासांचा कल घ्या. ४ तासांत भरणार असेल तर पेज, ४ दिवसांत भरणार असेल तर तिकीट. मेख लॉग रोटेशनमध्ये (जुने लॉग ठराविक काळाने काढून टाकणं) आहे. जागा करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होते आणि चढत्या दात्यावर अंदाज घेतला की "आता भरणार" अशी खोटी ओरड होते. म्हणून खिडकी रोटेशनच्या एका फेरीपेक्षा मोठी ठेवा आणि सोबत 'मोकळी जागा २० टक्क्यांपेक्षा कमी' ही अट जोडा.

प्रमाणपत्र: ९० दिवसांचं असेल आणि ३० दिवस उरले की आपोआप नूतनीकरण होत असेल, तर २० दिवस उरल्यावर तिकीट, ३ दिवस उरल्यावर पेज. मोजायचं ते सर्व्हरकडून प्रत्यक्ष मिळणारं प्रमाणपत्र. फाइल नवीन येते पण प्रक्रिया रीलोड होत नाही आणि जुनंच जात राहतं, हा प्रकार फार होतो. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हाताने नूतनीकरण करत असाल तर आताच ते सोडा.

बॅच जॉब: "जॉब पडला" यावर अलर्ट लावू नका. जो जॉब सुरूच झाला नाही तो पडतही नाही, आणि पडलेला जॉब दुसऱ्या प्रयत्नात पूर्ण झाला तर काही बिघडलेलं नसतं. जॉबने शेवटच्या यशाची वेळ नोंदवावी आणि ती २६ तासांपेक्षा जुनी झाली की अलर्ट. रोजच्या जॉबला २४ ठेवू नका, दहा मिनिटं उशीर झाला की वाजेल. त्याचा निकाल सकाळी दहाला हवा असेल तर तेही तिकीटच.

अर्धवटझोप:
दोघांचेही आभार. बर्न रेटबद्दल एक अडचण. आमच्या तीन-चार अंतर्गत सर्व्हिसेसना रात्री तासाला जेमतेम ५० रिक्वेस्ट येतात. एक फसली की २ टक्के, म्हणजे लगेच १.४४ च्या वर. मग हे परत तिथेच आलं ना?

लालदिवा:
हो, कमी ट्रॅफिकला हा हिशोब उघडा पडतो. तीन वाटा आहेत. एक, गुणोत्तरासोबत 'किमान १० रिक्वेस्ट फसल्या' अशी संख्येची अट. दोन, दर ३० सेकंदांनी एक कृत्रिम रिक्वेस्ट. तासाला १२० झाल्या, तुमच्या ५० धरून १७०, म्हणजे तासाच्या खिडकीत मर्यादा ओलांडायला निदान तीन फसाव्या लागतील. मात्र कृत्रिम रिक्वेस्ट एकाच सोप्या मार्गाने जाते, त्यामुळे खरा मार्ग बंद पडला तरी एकूण चित्र बरं दिसू शकतं. दोन्हींचे आकडे वेगळे लेबल लावून ठेवा. तीन, एकत्रच बंद पडणाऱ्या सर्व्हिसेस एका उद्दिष्टाखाली घ्या.

पण आधी हे विचारा की ही अंतर्गत सर्व्हिस रात्री तीनला बंद पडली तर अडतं कोणाचं? उत्तर "सकाळपर्यंत कोणाचंच नाही" असेल तर तिला रात्रीचं पेज देऊच नका.

पाचवाखिळा:
अलर्टमॅनेजरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

'ग्रुप_बाय'मध्ये (कोणती लेबलं सारखी असली की अलर्ट एकाच पेजमध्ये बांधायचे ती यादी) 'इन्स्टन्स' (एकेका टार्गेटचं लेबल) असेल तर आधी काढा. ते असताना एक नोड (मशीन) गेला की त्यावरच्या प्रत्येक गोष्टीचं वेगळं पेज येतं. अलर्टचं नाव, क्लस्टर, सर्व्हिस, एवढं पुरे. डीफॉल्ट वेळा: 'ग्रुप_वेट' (पहिल्या सूचनेआधी थांबणं) ३० सेकंद, 'ग्रुप_इंटरव्हल' (गटात नवीन अलर्ट आला तर पुढच्या सूचनेआधी थांबणं) ५ मिनिटं, 'रिपीट_इंटरव्हल' (तीच सूचना परत पाठवणं) ४ तास. पेजसाठी त्या ठीक आहेत, तिकिटांच्या वाटेला रिपीट २४ तास करा. सगळ्यात वरचा, म्हणजे मुळाचा रिसीव्हर (अलर्ट जिथे पोहोचतो ते ठिकाण) तिकिटांचा ठेवा. बहुतेक ठिकाणी तो पेजचा असतो आणि कोणी लेबल न लावता नवीन नियम टाकला की थेट फोन वाजतो.

इनहिबिशन वापरा: डेटाबेस बंद असल्याचा अलर्ट चालू असताना त्यावर अवलंबून असलेल्या सर्व्हिसेसचे अलर्ट दाबायचे. इथे एक खड्डा आहे. 'इक्वल'मध्ये, म्हणजे दोन्ही अलर्टवर जुळायला हव्यात अशा लेबलांच्या यादीत, लिहिलेली लेबलं दोन्ही अलर्टवर नसतील तर अलर्टमॅनेजर ती सारखीच धरतो आणि नियम लागू होतो. 'इक्वल'मध्ये फक्त 'क्लस्टर' लिहिलं आणि ते लेबल कुठेच लागत नसलं, की एका वातावरणातल्या (उदा. चाचणीच्या) डेटाबेसमुळे भलत्याच ठिकाणचे अलर्ट गप्प होतात. बदल करण्याआधी राउटिंग 'अमटूल'ने आणि नियम 'प्रोमटूल'च्या चाचण्यांनी तपासता येतात. दोन्ही सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) घाला.

आणि अलर्ट कमी करताना शांततेवर विसंबू नका. टार्गेटच (प्रोमेथियस ज्याच्याकडून आकडे घेतो ते) गायब झालं तर एरर रेटच्या सूत्राला रिकामं उत्तर येतं, आणि रिकाम्या उत्तरावर अलर्ट वाजत नाही. 'अप' (टार्गेट उत्तर देतंय का ते सांगणारा आकडा) शून्य झाल्याचा आणि मालिकाच नसल्याचा, असे दोन्ही नियम ठेवा. शिवाय कायम वाजत राहणारा एक अलर्ट बाहेरच्या सेवेला पाठवा. तो यायचा थांबला की त्या सेवेने पेज करायचं. गिटलॅबचा ३१ जानेवारी २०१७ चा डेटाबेस अपघात आठवा. बॅकअप आधीपासून फसत होते, त्याची सूचना देणारे ईमेलही निघत होते, पण डीमार्क या ईमेल पडताळणीच्या पद्धतीमुळे ते नाकारले जात होते. त्यांनी हे सगळं स्वतः जाहीर लिहिलंय.

दोरीसूत:
मॅनेजरबद्दल. "काढून टाकू" हा शब्द वापरू नका, कोणीही घाबरेल. पेजिंग सेवेतून मागच्या चार आठवड्यांची यादी काढा आणि तक्ता करा: अलर्टचं नाव, किती वेळा, दहा मिनिटांच्या आत आपोआप किती मिटले, माणसाने नेमकं काय केलं. शेवटच्या रकान्यात बहुतेक 'पाहिलं, काही नाही' असंच भरलं जाईल. सर्वाधिक वाजणारे तीन निवडा आणि दोन आठवड्यांसाठी त्यांचं लेबल पेजवरून तिकीट करा. नियम चालूच राहतात, फक्त फोन वाजत नाही. वाजलेल्या प्रत्येक अलर्टची नोंद प्रोमेथियस 'अलर्ट्स' नावाच्या मालिकेत ठेवतो. दोन आठवड्यांनी ती मालिका आणि त्या काळातले खरे बिघाड शेजारी शेजारी मांडा. "उद्या खरंच काही झालं तर" याला आकड्यांत उत्तर मिळतं. यातला एखादा अलर्ट खरोखर कामाचा निघाला तर परत पेजवर घ्या, त्यात कमीपणा नाही.

पाळी: गूगलचे एसआरई एका ठिकाणच्या टीमला किमान आठ माणसं आणि १२ तासांच्या पाळीत जास्तीत जास्त दोन घटना असं प्रमाण धरतात, कारण एक घटना शोधणं, निस्तरणं आणि लिहून काढणं यात सरासरी सहा तास जातात. सहा जणांत मुख्य आणि राखीव असे दोघे ठेवले तर प्रत्येकाचा तिसरा आठवडा बांधला जातो. एका पाळीत पेज दोनपर्यंतच आले तर निभतं, एरवी नाही. राखीव माणूस मात्र हवाच. पाच मिनिटांत अ‍ॅक (पेज घेतल्याची पोच) नाही तर राखीव, आणखी दहा मिनिटांनी मॅनेजर. साखळीत मॅनेजरचं नाव असणं हा त्याला पटवण्याचा सगळ्यात जलद मार्ग आहे, हे अर्थात मीटिंगमध्ये बोलायचं नसतं.

पाळी सोमवारी सकाळी किंवा शुक्रवारी संध्याकाळी बदलू नका. मंगळवार-बुधवारची दुपार बरी, दोघेही जागेवर असतात. रात्री पेज आलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुटी, आणि ती न मागता मिळावी. मागावी लागली की टीममधले नवखे मागत नाहीत. पाळी सुरू होताना स्वतःला एक चाचणी पेज पाठवा. फोनचं 'डू नॉट डिस्टर्ब' पेजिंग अ‍ॅपला सोडतं का हे तेव्हाच कळतं.

लालदिवा:
रनबुकबद्दल (पेज आल्यावर काय करायचं त्याचं टिपण) दोन ओळी राहिल्या. प्रत्येक पेजमध्ये रनबुकची लिंक हवी आणि त्यात चारच गोष्टी: वापरणाऱ्याला काय दिसतंय, कोणता डॅशबोर्ड उघडायचा, रोलबॅकची नेमकी कमांड, आणि किती मिनिटांनी दुसऱ्याला उठवायचं. आर्किटेक्चरचा इतिहास तिथे नको, रात्री तीनला तो कोणी वाचत नाही.

रनबुकं त्याच क्लस्टरवरच्या विकीत ठेवू नका. फेसबुक ४ ऑक्टोबर २०२१ ला सहा तासांच्या आसपास बंद होतं. मुख्य नेटवर्क तुटलं, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था) पोहोचेनासं झालं आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची अंतर्गत साधनंही त्यातच अडकली. गिट रेपोत ठेवा आणि ऑनकॉलच्या लॅपटॉपवर रोज आपोआप खेचून घ्या. पेजिंग सेवेचे फोन नंबरही त्याच रेपोत असू द्या.