पहिला सॅटनॅव (गाडीत लावायचं, रस्ता सांगणारं यंत्र) कोणता घेऊ? बजेट ९० पौंड, गाडी जुनी, रस्ते श्रॉपशायरचे

कुडाळची_नर्स

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वॉर्डात काढली, आता कम्युनिटी नर्सिंगमध्ये आले आहे. म्हणजे पेशंटच्या घरी जाऊन इन्सुलिन, ड्रेसिंग, कॅथेटर. पुढच्या महिन्यापासून एकटीने फिरायचं आहे. भारतातलं लायसन्स इथे इंग्लंडात १२ महिनेच चालतं, ते कधीच संपलं, त्यामुळे परीक्षा दिली आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. गाडी २०१२ ची कोर्सा, तीन दारांची. सीडी प्लेयर आहे, स्क्रीन नाही.

सॅटनॅवचा माझा अनुभव एवढाच: परीक्षेत मधली वीसेक मिनिटं परीक्षकाने समोर लावलेल्या डबीचं ऐकून गाडी चालवली.

माझा भाग क्रेव्हन आर्म्सपासून क्लन, बकनेल आणि पुढे नाइटनच्या बाजूची वेल्सच्या हद्दीतली दोन-तीन घरं. दिवसाला आठ-नऊ थांबे. गेल्या आठवड्यात माझ्यासोबत असलेली सीनियर आजारी पडली आणि एक फेरी मी फोनच्या भरवशावर केली. क्लन सोडलं आणि सिग्नल गेला. निळा ठिपका होता, पण खाली नकाशाच नाही, नुसता करडा कागद! सिग्नल परत आला तेव्हा त्याने मला डावीकडच्या एका गल्लीत घातलं. दोन्हीकडे उंच कुंपण, रस्त्याच्या मधोमध गवत, आणि वळणावर समोरून ट्रॅक्टर. पाव मैल रिव्हर्समध्ये आले. तिकडे ८४ वर्षांच्या आजी न्याहारीआधीच्या इन्सुलिनसाठी ताटकळत बसलेल्या. पोहोचले तर म्हणाल्या, "तू पण त्या गल्लीत गेलीस ना?"

आमच्याकडे वाट विचारली तर माणूस हात लांब करून "हयसरच आसा" म्हणतो आणि मग दोन किलोमीटर चालावं लागतं. इथे विचारायला माणूसही भेटत नाही, मेंढ्या भेटतात.

तर फोनच नीट वापरू की वेगळा सॅटनॅव घेऊ? ऑनलाइन ३५ पौंडांना जुना मिळतोय, "लाइफटाइम मॅप्स" असं लिहिलंय, तो चालेल का? नवरा म्हणतो घ्यायचाच तर सात इंची घे आणि युरोपच्या नकाशाचा घे, कधीतरी फ्रान्सला जाऊ. (हे "कधीतरी" मी लग्नापासून ऐकते आहे.)

एम५४वाला

ताई, टेलफर्डहून लिहितोय. एकोणीस वर्षं व्हॅन चालवली, पार्सलं टाकली, त्यातली बरीच तुमच्याच भागात. वेगळाच घ्या.

कारण साधं आहे. सॅटनॅवचा नकाशा डबीच्या आत असतो आणि जागा त्याला उपग्रह सांगतात. मोबाइलचा टॉवर असो नसो, त्याचं काही अडत नाही. क्लनच्या पुढे हीच गोष्ट कामाची.

पाच इंची घ्या. नवऱ्याला सांगा, सात इंची लॉरीवाल्याला ठीक. कोर्साची काच केवढी, त्यात तो टीव्ही लावल्यावर डावीकडून येणारा सायकलवाला दिसायचा नाही. स्टिअरिंगच्या समोरचा काचेचा २९ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा मोकळाच ठेवायचा असतो, एमओटीलाही (गाडीच्या वार्षिक तपासणीला) तोच पट्टा जास्त कडक बघतात. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली लावा.

माझ्याकडे गार्मिन ड्राइव्ह ५२ आहे. ५३ हा त्याच्या पुढचा. यूके आणि आयर्लंडच्या नकाशाचा मिळाला तर तोच घ्या, स्वस्त पडतो. वाय-फाय वगैरे थाट नाही, कॉम्प्युटरला जोडून गार्मिन एक्स्प्रेसने नकाशा अपडेट करायचा. टॉमटॉमही वाईट नाही. २०१७ च्या डिसेंबरात ड्रायव्हिंग परीक्षेत सॅटनॅव आला तेव्हा टॉमटॉमचा स्टार्ट ५२ वापरायचे, त्यामुळे तो हाताळलेला वाटेल. ट्रॅफिकची सोय आहे का म्हणून जास्त पैसे घालू नका. तुमच्याकडचं ट्रॅफिक म्हणजे मेंढ्या, त्या कुठल्याच डबीत दिसत नाहीत.

३५ वाला सोडा. "लाइफटाइम" म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे, त्या यंत्राचं. कंपनी म्हणाली मॉडेल जुनं झालं की संपलं. आतली मेमरी लहान, नवा नकाशा मावत नाही. बॅटरी मेलेली, वायर निघाली की डबी बंद. शिवाय जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ झाले की परत शून्यावर येतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये तसं झालं तेव्हा कित्येक जुन्या डब्यांची तारीखवेळ बिघडली. ३५ पौंडांत तसलं काही गळ्यात पडू शकतं.

घेतल्यावर सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. मार्ग "फास्टर" ठेवा, "शॉर्टर" कधीच नको. शॉर्टरने मला एकदा एकाच्या गोठ्यात नेलंय. कच्चे रस्ते टाळायला सांगा. आणि अंतर यार्डातच राहू द्या. आपल्याला मीटरची सवय, मोह होतो बदलायचा. पण इथल्या पाट्या यार्डातल्या. एक्झिटच्या आधी तीन तिरक्या पट्ट्यांची पाटी येते ती ३०० यार्डांवर, मग दोन, मग एक. डबी आणि पाटी एकच भाषा बोलल्या की डोकं शांत राहतं.

कार्डिफकर

माझं मत उलटं आहे. ९० पौंड कशाला घालवता?

तुमचा जीपीएस गेलाच नव्हता, ताई. निळा ठिपका दिसत होता म्हणजे फोनला जागा कळत होती. गेला तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने येतो. गूगल मॅप्समध्ये घरच्या वाय-फायवर आख्खा दक्षिण श्रॉपशायर आणि वेल्समधल्या पॉविसचा पूर्वेचा भाग ऑफलाइन उतरवून घ्या, अधूनमधून अपडेट करा. सिग्नल नसतानाही रस्ता सांगतो. ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते तेवढे मिळत नाहीत. चांगलं होल्डर दहा-पंधरा पौंडांत येतं.

आता या सल्ल्यातली खोट पण मीच सांगतो. २५ मार्च २०२२ पासून गाडी चालवताना फोन हातात धरून काहीही केलं, लाल सिग्नलला उभं राहून केलं तरी, २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट. तुम्ही नुकत्याच पास झालात. पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात, थिअरीसकट. तुमची तर नोकरीच गाडीवर. तो फोन होल्डरमधून पडला आणि सवयीने उचलला तर? माझ्या ओळखीतल्या एकाने असंच उचललं. दुसरं असं की ऑफिसचे फोन त्याच फोनवर येणार, आणि नेमके राउंडअबाउटवर येणार.

हे लिहिता लिहिता माझंच मत पातळ झालं की काय! असो. पैसे वाचवायचे तर फोन, पण हात लावायचा नाही.

एक वेल्सचं. १७ सप्टेंबर २०२३ पासून आमच्याकडे वस्तीतल्या बहुतेक ३० च्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी २० मैल झाली. ऑफा डाइकच्या, म्हणजे हद्दीवरच्या जुन्या बांधाच्या, तुमच्या बाजूला अजून ३० च आहे. जुना नकाशा असलेला सॅटनॅव नाइटनमध्ये शिरल्यावर खुशाल ३० दाखवत बसेल. म्हणजे ३५ पौंडांच्या डबीबद्दल एम५४वाल्यांशी मी सहमत. काही झालं तरी पाटी वाचायची.

हेरफर्डची_मावशी

अगं, मी अकरा वर्षं हेच काम करते, हद्दीच्या दक्षिणेला. यंत्र कुठलंही घे, ते तुला पेशंटच्या दारात नेत नाही. पोस्टकोडवर नेतं. गावात पोस्टकोड म्हणजे दहा-पंधरा घरं, पण शेतांमध्ये तेवढीच घरं मैल-दोन मैलांत विखुरलेली असतात. डबी त्या सगळ्याच्या मध्यावर नेऊन "पोहोचलात" म्हणते आणि आजूबाजूला गव्हाचं शेत. खरा प्रश्न शेवटच्या अर्ध्या मैलाचा.

मी काय करते सांगते. पहिल्या भेटीआधी फोन करून पोस्टकोड विचारत नाही, विचारते, "मुख्य रस्ता सोडल्यावर काय दिसतं?" लोक बरोबर सांगतात: हिरवं फाटक, दुधाच्या कॅनवर घराचं नाव, कॅटल ग्रिड (गुरं अडवायची रस्त्यातली जाळी) ओलांडून दुसरं. मग फाटकाशी पोहोचले की गाडी उभी करून स्क्रीनवरच्या गाडीच्या चित्रावर बोट ठेवते, जागा सेव्ह करते. पुढच्या वेळी अगदी फाटकावर. पेशंटचं नाव मात्र त्यात घालू नकोस हं, कधीच. मी "निळं दार", "दोन कुत्रे" असं लिहिते. डबी चोरीला गेली तर कोण एकटं आहे, कुठे राहतं, सगळं चोराच्या हातात नको. "होम" बटणावर पण आपलं घर नाही, जवळचा पेट्रोल पंप टाक. गाडी सोडताना डबी उचलायची आणि काचेवरचा रबराचा गोल डागही पुसायचा, तो बघूनच काच फोडतात.

सकाळी बाहेर पडायच्या पाच मिनिटं आधी चालू कर. उपग्रह सापडायला वेळ लागतो, आणि चालत्या गाडीत पत्ता टाइप करायचा नाही.

आणि चर्च स्ट्रेटनहून लाँग मिंड डोंगराच्या पलीकडे जायचं झालं तर बर्वे नावाचा रस्ता दाखवेल. नाव ऐकून आपल्या बर्व्यांचा वाटतो, पण सरळमार्गी नाही. एका वेळी एकच गाडी मावेल एवढा, खडा चढ, एका बाजूला कठडा नाही. थंडीत तर नकोच. ए४९ वरून फिरून जा, चार मैल जास्त पडोत.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा १३७ नंबरचा लँडरेंजर हा कागदी नकाशा घेऊन ठेव, चर्च स्ट्रेटन आणि लडलोचा. गुलाबी कव्हरचा. क्लन त्यात येतं. रात्री जेवण झाल्यावर उद्याची घरं त्यावर बोटाने फिरून बघ. कुठली गल्ली बंद पडते ते तिथे आधीच दिसतं.

फ्रान्सचं म्हणशील तर तिकडे वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याची सूचना देणारं यंत्र चालत नाही, ते बघावं लागतं. जाशील तेव्हा बघ.

कुडाळची_नर्स

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

ड्राइव्ह ५२ घेतला, नवा, पाच इंची, यूके-आयर्लंड. बजेटात बसला आणि उरलेल्या पैशात १३७ नंबर घेतला. नकाशा अपडेट व्हायला सगळी संध्याकाळ गेली, लॅपटॉप मध्येच झोपला म्हणून परत पहिल्यापासून. फोन बॅगेत, मागच्या सीटवर.

पहिल्याच दिवशी बी४३६८ वर त्या आजींच्या वाटेला लागले आणि नव्या डबीनेही म्हटलं, डावीकडे वळा. तीच गल्ली! मला हसूच आलं. नकाशावर तो रीतसर रस्ता आहे, डांबरीही आहे, आणि कागदावर मर्यादा ६० मैलांची. तिथे ६० ने कोण जाईल देव जाणे, पण हिशेबात ती जवळचीच पडणार. मी सरळ गेले, डबी बिचारी नवा रस्ता शोधत बसली, मैलभराने फार्मच्या पाटीशी वळले आणि फाटकावर जागा सेव्ह केली. "पांढरी बदकं" असं नाव दिलंय. आजी वेळेत मिळाल्या म्हणून चहा प्यावाच लागला.

आता चौदा जागा सेव्ह झाल्या. यार्ड-पट्ट्यांचं गणित ए४९ वर फार उपयोगी पडलं. नाइटनमध्ये २० दाखवते.

एक अडचण आहे. सिगरेट लायटरच्या सॉकेटात प्लग सैल बसतो, खड्ड्यात आदळलं की सुटतो आणि डबी बॅटरीवर जाते. बॅटरी काही फार वेळ चालत नाही. काय करू?

एम५४वाला

गाडी बंद करून प्लग बाहेर काढा. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चपट्या स्प्रिंगा असतील, त्या नखाने किंचित बाहेर ओढा. सॉकेटात टॉर्च मारून बघा, जुन्या गाडीत तळाशी नाणं किंवा राख असते. सॉकेटात स्क्रूड्रायव्हर घालू नका, फ्यूज उडेल. तरी सैलच राहिला तर शनिवारी टेलफर्डला या, माझ्याकडे जुन्या व्हॅनचे तीन प्लग पडलेत, कुठला तरी बसेल.