मदत हवी आहे: पॅडशिवाय ११ विरुद्ध ११ मध्ये लाइनमनची टक्कर कशी रोखता?

अमेरिकन फुटबॉलचा सराव एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) ऑफसीझन नियमांवर, त्यातल्या तिसऱ्या टप्प्यावर बसवतोय. हेल्मेट चालतं, शोल्डर पॅड नाहीत, टक्कर नाही. ११ विरुद्ध ११ ला मुभा आहे, लाइनमनच्या (पुढच्या ओळीत समोरासमोर भिडणाऱ्यांच्या) एकास एक झुंजीला मात्र बंदी. गाडी इथंच अडते.

७ विरुद्ध ७ चा प्रश्न नाही, त्यात लाइन नसतेच. पण ११ जण उभे राहिले की स्नॅप होताच (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताच) गार्ड, म्हणजे लाइनमधला एक जण, सवयीनं खांदा खाली घालतो आणि हेल्मेटं आपटतात. वेग निम्मा करून पाहिला: चार-पाच स्नॅप ठीक, मग एक जण जोर लावतो, समोरचा परतफेड करतो. डिफेन्सच्या हातात गादीच्या बॅग दिल्या, तर टक्कर थांबली, पण पास रशची (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाण्याची) वाटच बंद झाली. गार्डियन कॅप (हेल्मेटवर चढवायची मऊ आवरणं) आहेत. त्या डोक्यापुरत्या, खांदे आणि बोटं उघडीच. (कॅप घातली की पोरं जास्तच चेकाळतात, असं माझं मत.)

सगळे प्रौढ, बहुतेक नवखे. लाइन काढून टाका, हा सल्ला नको. क्वार्टरबॅकला पॉकेट (लाइन त्याच्याभोवती राखते ती जागा) दिसायला हवं.

तुम्ही लाइनला नेमकं कुठं थांबवता: हात टेकल्याबरोबर, की दोन पावलांनंतर शिट्टीवर? आणि जोर लावणाऱ्याला तिथल्या तिथं बाहेर काढता, की तो स्नॅप पुरा होऊ देता?