माडग्याळ-दख्खनी संकराची कोकरं: बंदिस्त ठेवू की चराईला सोडू?

माळकरी: माडग्याळ जातीचा मेंढा आणि दख्खनी जातीच्या मेंढ्या यांची 20 नर कोकरं आहेत. वय साडेतीन महिने, दूध तोडलंय, सरासरी वजन 15 किलो. 90 दिवसांनी विकायची आहेत. माळावर चारा बरा आहे, मक्याची कुट्टी घरची. नुसती चराई, चराई आणि खुराक, की पूर्ण बंदिस्त? वाढ किती धरू?

खुराकवाला: दादा, माडग्याळच्या रक्ताने हाडपेर मोठं मिळतं, पण त्यावर मांस खाण्यानेच चढतं. नुसत्या माळावर ही कोकरं साध्या दख्खनीच्या फार पुढे जात नाहीत.

नुसत्या चराईवर दिवसाला 50 ग्रॅम धरा, म्हणजे 90 दिवसांत साडेचार किलो. सहा तास चराई आणि 200 ग्रॅम खुराक दिला तर 90 ग्रॅम, म्हणजे आठ किलो. बंदिस्त ठेवून कुट्टी आणि 330 ग्रॅम खुराक दिला तर 120 ग्रॅम, पावणेअकरा किलो. आता हिशेब बघा. अर्धबंदिस्तला, म्हणजे चराई आणि खुराक दोन्हीला, कोकरामागे 18 किलो खुराक जातो, बंदिस्तला 30. वरच्या पावणेतीन किलोसाठी 12 किलो खुराक, शिवाय सगळा चारा कापून गव्हाणीत टाकायचा. माळ हिरवा असेल तर अर्धबंदिस्तच परवडतं. चारा वाळला किंवा बकरी ईदचं गिऱ्हाईक ठरलेलं असेल, तर शेवटचे 45 दिवस बंदिस्त करा.

100 किलो खुराकासाठी: मका भरडा 48, गव्हाचा कोंडा 27, शेंगदाणा पेंड 20, मिनरल मिक्श्चर 2, चुनखडीची पूड 1, मीठ 1, नवसागर 1. पेंड फोडून वास घ्या. बुरशीचा वास आला तर ती वापरू नका.

गव्हाण: प्रमाण बरोबर आहे, पण पहिल्या दिवशी 200 ग्रॅम टाकू नका. 50 ग्रॅमने सुरुवात करा आणि दर तीन दिवसांनी 50 वाढवा. आधी कुट्टी, मग खुराक, तोही दोन वेळा विभागून. उपाशी पोटी भरडा खाल्ला की पोटात आम्ल वाढतं, लेंडी पातळ होते, कोकरू कान पाडून बसतं. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणं, हाही याच दिवसांतला रोग. संध्याकाळी धडधाकट दिसलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं, आणि जातात तीही सगळ्यात तगडी. म्हणून खुराक सुरू करण्याआधी लस टोचा आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस द्या. लेंडी तपासून जंताचं औषधही आधीच पाजा.

गव्हाणीत कोकरामागे एक फूट जागा ठेवा. 12 किलोचं आणि 18 किलोचं एका कप्प्यात नको, लहानाला खुराक मिळतच नाही. जुळी कोकरं मुळात हलकी असतात, त्यांचा कप्पा वेगळा करा.

माळकरी: आभार. गाईचं मिनरल मिक्श्चर घरात आहे, तेच चालेल का? आणि नवसागर कशासाठी?

खुराकवाला: गाईचं अजिबात नको. त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढराला ते सोसत नाही. यकृतात साठत जातं, मग एकदम डोळे पिवळे, लघवी लालकाळी, आणि कोकरू हातचं जातं. पोत्यावर मेंढ्यांसाठी असं लिहिलेलंच घ्या.

नवसागर मुतखड्यासाठी. भरडा आणि कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळे नरांच्या बारीक मूत्रनळीत खडे अडकतात. कोकरू पाठ वाकवून कुथतं, शेपूट सारखं हलवतं. खाली वाकून मुताच्या जागेचे केस बोटांत धरा, वाळूसारखे कोरडे कण लागले तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. आणि पाणी दिवसभर समोर हवं. पाणी कमी पडलं तर नवसागरही कामाला येत नाही.

गव्हाण: वजन दर 15 दिवसांनी, सकाळी चारा-पाण्याआधीच करा. भरल्या पोटाचं वजन किलो-दीड किलो खोटं दाखवतं. ओळीने दोन वजनांत वाढ दिवसाला 60 ग्रॅमच्या खाली असेल, तर खुराक वाढवण्याआधी त्या कोकराची लेंडी पुन्हा तपासून घ्या.