मंगळाची माती आत आणून बटाटे लावले तर काय बिघडेल?

ढेकूळ: ६ माणसं, ५०० दिवस, मंगळावर तळ, असा आराखडा मांडतोय. पाणी जमिनीखालच्या बर्फाचं. बाहेरची माती आत आणायची, विष्ठेचं खत घालायचं, बटाटे लावायचे. मातीतलं पर्क्लोरेट (क्लोरीनचा विषारी क्षार) धुऊन काढलं की भागेल ना?

खारफुटी: पर्क्लोरेट निघतं, पाण्यात अगदी सहज विरघळतं. खरी डोकेदुखी धुतलेल्या पाण्याची. नासाच्या फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत वजनाच्या साधारण अर्धा टक्का पर्क्लोरेट सापडलं. १ चौरस मीटरचा, २५ सेंमी खोल वाफा म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास माती, म्हणजे पावणेदोन किलो पर्क्लोरेट. ते थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाही, तेव्हा 'थोडं राहिलं तर राहू दे' हा विचार सोडा.

धुताना तळाला निचरा ठेवा आणि वरून पाणी हळू सोडा. माती ढवळलीत तर बारीक धूळ खाली बसून निचरा तुंबेल. निचऱ्याच्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता) उतरला म्हणजे क्षार कमी झाले एवढंच कळतं, पर्क्लोरेट वेगळं मोजावं लागतं. ते पाणी गोठवून शुद्ध करायच्या भरीस पडू नका. कॅल्शियम पर्क्लोरेटचं दाट द्रावण उणे ७० अंशांनाही द्रव राहू शकतं. ऊर्ध्वपातनच करा, आणि तेही दाब असलेल्या खोलीत. बाहेर हवेचा दाब ६ मिलिबारच्या आसपास, तिथे पाणी शून्य अंशालाच उकळायला लागतं.

पालेभाज्या तर या मातीत नकोतच, पर्क्लोरेट पानांत साठतं.

हवाबंद: मला खताची जास्त भीती वाटते. अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ या हवाबंद प्रयोग-वसाहतीत १९९१ साली ८ माणसं आत गेली. सेंद्रिय खताने भरलेल्या मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात राहिले आणि १६ महिन्यांत तो २०.९ वरून १४.५ टक्क्यांच्या आसपास आला. जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना परत मिळाला असता, पण तो काँक्रीटने शोषला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. मंगळावर 'बाहेरून' कुठून आणणार?

नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतून ताशी जास्तीत जास्त १२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे माणशी ३, सहा जणांना १८ यंत्रं, तीही दिवसरात्र पूर्ण क्षमतेने. त्यात मातीतले जीवाणू म्हणजे न मोजलेली खाणारी तोंडं. त्यांचा ऑक्सिजन हिशोबात धरा आणि काँक्रीट उघडं ठेवू नका.

ढेकूळ: मग मातीच नको?

खारफुटी: पहिल्या ५०० दिवसांत नको. बटाटा मातीशिवाय, पोषकद्रव्यं विरघळवलेल्या पाण्याच्या पातळ प्रवाहावर येतो, नासाने तसा घेतलाय. मुळांना प्रवाह मिळू द्या, पण कंद पाण्यात बुडू देऊ नका, कुजतात. वर काळं आच्छादन घाला, उजेड लागला की कंद हिरवा होतो आणि त्यात सोलानिन हे विष वाढतं. नत्रासाठी मूत्र वापरायचं तर आधी सोडियम काढा, नाहीतर फिरत्या द्रावणात ते साचत जातं. विष्ठा वाफ्यात थेट घालू नकाच. रोगजंतू सहा जणांत फिरत राहतील.

हवाबंद: आणि दिव्यांची वीज फक्त सौर ठेवू नका. २०१८ च्या धुळीच्या वादळाने मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी या सौरऊर्जेवरच्या बग्गीचा ऊर्जापुरवठाच तोडला, ती पुन्हा बोललीच नाही. झाडांचे दिवे बंद पडले तरी यंत्रं आणि हीटर चालतील एवढी अणुवीज वेगळी ठेवा, आणि वादळभर पुरेल एवढं कोरडं अन्न कोठारात.