अर्धायुष्य ८ दिवसांचं, मग १६ दिवसांत सगळं का संपत नाही?

प्रश्न: आईला थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध दिलंय. त्याचं अर्धायुष्य ८ दिवस. म्हणजे १६ दिवसांत ते पूर्ण संपायला हवं ना?

उत्तर १: नाही, अर्धायुष्य म्हणजे उरलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ; म्हणून १६ दिवसांनी चतुर्थांश उरतं, २४ दिवसांनी अष्टमांश. शरीरात मात्र ते याहून लवकर कमी होतं, कारण बरंचसं लघवीवाटे निघून जातं. आईपासून किती दिवस अंतर ठेवायचं, हे डॉक्टरांनी सांगितलंय तेच पाळा.

उत्तर २: मी रसायनशास्त्र शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे! अणुकेंद्रक म्हातारं होत नाही. महिनाभर टिकलेलं आयोडीनचं केंद्रक आणि आत्ताच तयार झालेलं, दोघांची पुढच्या ८ दिवसांत फुटण्याची शक्यता सारखीच, निम्मी. नाणेफेकीत आधीचे छापे लक्षात राहत नाहीत, तसंच. नेमकं कोणतं केंद्रक कधी फुटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण अब्जावधी केंद्रकं एकत्र असली की हिशेब चोख लागतो. फुटताना ते बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) आणि गॅमा किरण सोडतं आणि स्थिर झेनॉन-१३१ बनतं. थायरॉइडमधल्या पेशी मारतो तो मुख्यतः बीटा कण, त्याची धाव एक-दोन मिलिमीटरच.

प्रश्नकर्ता: उष्णतेने केंद्रकं फुटण्याचा वेग बदलतो का?

उत्तर २: नाही. उष्णतेने वेग बदलतो तो रासायनिक क्रियांचा; त्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या, ही क्रिया केंद्रकाची. बेरिलियम-७ केंद्रक आपल्याच अणूतला इलेक्ट्रॉन गिळतं, म्हणून तो अणू कोणत्या संयुगात आहे, याचा त्याच्या वेगावर किंचित परिणाम होतो. आयोडीनचं तसं नाही.