अ‍ॅथलॉन टू एक्स२ २४० चा एल३ कॅशे अनलॉक होतो का? आणि ओव्हरक्लॉक कुठपर्यंत न्यावं?

माळ्यावरचा_पीसी:
नमस्कार मंडळी, माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप खाली काढून परत चालू केलाय. अ‍ॅथलॉन टू एक्स२ २४०, २.८ गिगाहर्ट्झ, ७८५जी चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ १३३३ च्या दोन स्टिक, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर. सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) कॅशेच्या (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी; एल२, एल३ या तिच्या पातळ्या) टॅबवर एल२ दोन वेळा १०२४ केबी दिसतो आणि एल३ ची जागा कोरी. बायोसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन म्हणजे एसीसी नावाचा ऑप्शन आहे, मित्र म्हणाला एएमडीने त्या काळात चांगले प्रोसेसर मुद्दाम कॅशे बंद करून स्वस्तात विकले, एसीसी ऑटोवर टाक आणि ६ एमबी एल३ फुकट घे. टाकला ऑटोवर, मशीन बूट होतं पण एल३ काही येत नाही. बायोसची जुनी व्हर्जन टाकू का? की अजून कुठलं सेटिंग आहे? नाहीच झालं तर निदान ओव्हरक्लॉक (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचंय, जुने गेम आणि एम्युलेटर चालवतो, वडील त्यावर टॅली करतात.

सिलिकॉन_सदा:
बायोस जिथे आहे तिथेच राहू दे, जुनी व्हर्जन टाकून काही होणार नाही. तुझ्या प्रोसेसरमध्ये एल३ बंद केलेला नाहीये, तो मुळात बनवलेलाच नाहीये. २४० हा रेगोर कोअरचा, म्हणजे पहिल्यापासून दोनच कोअरचा वेगळा डाय (सिलिकॉनचा तुकडा). साधारण ११७ चौरस मिलिमीटरचा. एल३ वाला डेनेब (फिनॉम टू चा चार कोअरचा डाय) २५८ चा, म्हणजे दुपटीहून मोठा, त्यातली बरीचशी जागा एल३ नेच खाल्लेली. रेगोरमध्ये एल३ काढला म्हणून बदल्यात प्रत्येक कोअरला १ एमबी एल२ दिला, फिनॉमला तो ५१२ केबीच असतो. प्लॉटवर खोलीच बांधली नाही तर एसीसी कुलूप कशाचं उघडणार.

मित्राचं बोलणं अगदीच हवेतलं नाही पण, त्याने मॉडेलची गल्लत केलीय. सीपीयू-झेडमध्ये रिव्हिजनचा रकाना बघ, तिथे डीए-सी२ किंवा डीए-सी३ असेल तर रेगोर, विषय संपला. बीएल म्हणजे प्रोपस, चार कोअरचा बिनएल३ डाय. आरबी असेल तर डेनेब आणि मग मात्र नशीब आजमावायला जागा आहे.

गल्लीतला_इंजिनियर:
सदाभाऊ असं ठाम नका सांगू, आमच्या चुलतभावाच्या अ‍ॅथलॉनला एल३ आलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, ६ एमबी पूर्ण, आणि मशीनचं नावही बदलून फिनॉम झालं होतं, बोर्डाने बूट होताना तसंच दाखवलं!

सिलिकॉन_सदा:
पाहिलं असशील की, मी कुठे नाही म्हणतोय. पण त्याचा मॉडेल नंबर विचार. बहुतेक एक्स४ ६२० किंवा एक्स३ ४३५ निघेल. ६२० सप्टेंबर २००९ मध्ये ९९ डॉलरला आला, चार कोअर इतक्या स्वस्तात तोवर कोणी देत नव्हतं, आणि सुरुवातीच्या मालात एएमडीने काही डेनेबचेच डाय एल३ बंद करून भरले होते. ज्याच्या हाती तो आला त्याला एल३ मिळाला, बाकीच्यांना प्रोपस आला आणि ते एसीसी ऑन-ऑफ करत बसले. आणि एल३ बंद असतो त्यामागे नेहमी मार्केटिंगच असतं असंही नाही, कधी कधी त्यात खरोखरच खोट असते, अशा वेळी मशीन बूट होतं, गाणी वाजवतं आणि मोठी झिप फाईल उघडताना चुकीचा डेटा देतं. टॅलीच्या मशीनवर हा खेळ मी तरी करणार नाही.

ओसी_अण्णा:
कॅशेचं सोडा, क्लॉक वाढवा, २४० त्यात चांगला चालतो. पण यात मल्टिप्लायर (रेफरन्स क्लॉकला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा) वर नेता येत नाही, १४ ला अडकलेला, त्यामुळे २०० चा रेफरन्स क्लॉकच वाढवावा लागतो आणि त्याच्या मागे रॅम, नॉर्थब्रिज (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग), एचटी लिंक (प्रोसेसर आणि चिपसेटमधला दुवा) सगळेच पळायला लागतात, लोक इथेच फसतात, प्रोसेसरला शिव्या घालतात आणि हँग झालेली असते रॅम. तर आधी रॅमचा रेशो १३३३ वरून १०६६ वर आणा, एचटी लिंकचा गुणक १० वरून ८ करा, नॉर्थब्रिज ९ ठेवा, पीसीआय एक्स्प्रेस १०० ला फिक्स करा, ऑटोवर सोडू नका. टेस्टिंग चालू असताना कूल अँड क्वाएट (काम नसताना वेग आपोआप कमी करणारं सेटिंग) बंद. मग रेफरन्स ५-५ ने वर. २४० ला पोचलात तर ३.३६ गिगाहर्ट्झ होतात आणि रॅम तेव्हा १२८० वर असते, म्हणजे तिच्या १३३३ च्या आतच.

व्होल्टेज ऑटोवर ठेवलं तर काही बोर्ड गरजेपेक्षा जास्तच देतात म्हणून हाताने टाका. १.४० च्या आसपास थांबा, या सोबतच्या कूलरवर त्यापुढे जाण्यात मजा नाही. या चिपची कमाल मर्यादा ७४ अंश आहे, मी ६० च्या वर लोडला जाऊ देत नाही, आणि मे महिन्यात विदर्भात राहत असाल तर अजून ५ अंश अलीकडेच थांबा राव. आधी मेमटेस्ट (रॅमची चाचणी), मग प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) चा ब्लेंड रात्रभर. अर्धा तास चालला म्हणून स्टेबल झाला असं कोणी सांगितलं तर त्याला तुमचा पेन ड्राइव्ह देऊ नका.

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कुठला आहे ते लिहिलं नाही तुम्ही. लेबलवर ४५० वॅट छापलंय एवढ्यावर जाऊ नका, १२ व्होल्टच्या लाईनवर किती अँपिअर लिहिलेत ते बघा.

डबलकोअर_डोंबिवली:
विषय निघालाच आहे तर इंटेलवाल्यांसाठी: पेंटियम ई५२०० मध्येही ३ एमबीपैकी २ एमबीच एल२ चालू असतो पण तो उरलेला १ एमबी उघडायचा कुठलाच मार्ग नाही, बायोसमधून नाही आणि पिनांना टेप लावूनही नाही. टेपने फक्त एफएसबी (इंटेलकडचा मूळ क्लॉक) बदलतो, आणि तेवढ्यावर २०० चा २६६ केला की २.५ चा ३.३३ गिगाहर्ट्झ होतो, बोर्डाने साथ दिली तर.

आणि गंमत म्हणजे २०१० मध्ये इंटेलने स्वतःच कॅशे अनलॉक विकायला काढला होता! पेंटियम जी६९५१, ५० डॉलरचं कार्ड घ्यायचं, कोड टाकायचा, की १ एमबी एल३ आणि हायपर थ्रेडिंग (एका कोअरवर एकदम दोन कामं) चालू. म्हणजे चिप तुमच्या टेबलावर, पैसे तिचे दिलेले, तरी आतला कॅशे भाड्याने. लोकांनी इतकी बोंब मारली की पुढच्या वर्षी तो धंदाच गुंडाळला. एएमडीचं बरं होतं, चोरून का होईना फुकट मिळायचं.

माळ्यावरचा_पीसी:
सदाभाऊ, डीए-सी२ च निघाला. 😅 एसीसी बंद करून टाकला. अण्णा तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, २४० रेफरन्सला प्राइम काही मिनिटांत एरर देतोय, २३० ला म्हणजे ३.२२ ला रात्रभर चालला, व्होल्टेज १.३७५, टेंपरेचर ५८ पर्यंत. इथेच ठेवतो. एम्युलेटरमध्ये फरक कळतोय, नवीन गेम मात्र सुरूच होत नाहीत, एसएसई४.१ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक संच) नाही म्हणून एरर देतात.
आता जुन्या बाजारात फिनॉम टू एक्स२ ५५५ मिळतोय, तो घेऊ का? त्याचे चार कोअर होतात म्हणे.

सिलिकॉन_सदा:
तो एरर फिनॉमवरही येणार, त्या पिढीत एसएसई४.१ नाहीच. आणि ४.२ सुद्धा नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ पण त्यावर चालत नाही. त्यासाठी घेत असशील तर नको घेऊस.

बाकी ५५५ वाईट नाही. ६ एमबी एल३ त्यात उघडाच असतो, अनलॉकची भानगड फक्त बाकीच्या दोन कोअरसाठी. ब्लॅक एडिशन आहे म्हणून मल्टिप्लायरही मोकळा, रेफरन्सला हात न लावता क्लॉक वाढतो. पण दोन कोअरची ती चिप ८० वॅटची, तेच ३.२ गिगाहर्ट्झ चार कोअरवर म्हणजे एक्स४ ९५५, आणि तो १२५ वॅटमध्येही विकला जायचा. तुझ्या बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) हीटसिंक आहे का ते आधी बघ. कोअर उघडले की कोअरचे टेंपरेचर सेन्सर शून्य नाहीतर भलतंच काहीतरी दाखवायला लागतात, मग बोर्डावरच्या सॉकेटच्या सेन्सरवर भरवसा ठेवावा लागतो.

विकणारा चार कोअरचे पैसे मागत असेल तर सीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट घेऊ नकोस, कोअर उघडल्यावर नाव एक्स४ बी५५ दिसलं म्हणजे कोअर चांगले असं नाही. त्याच्याच मशीनवर प्राइम लावून दाखव म्हण. नाही म्हणाला तर दोन कोअरचा भाव दे.

ओसी_अण्णा:
आणि पिना मोजून घ्या. वाकलेली सरळ होते, तुटलेली नाही.